तीनशे घोंगड्यांची पोच

माझ्या लग्नाची पत्रिका मी सोनाजी वाघमाऱ्यांच्या हातात दिली, तेव्हा त्यांनी ती दोन्ही बाजूंनी वाचली, भिंतीवरच्या कॅलेंडरात तारीख आणि वार जुळतात का ते पाहिलं, आणि खणातून कागदाचा एक कपटा काढून त्यावर लिहिलं : ‘एक लग्नपत्रिका, कोपऱ्याला हळद सांडलेली, पोचली.’ खाली सही, सहीखाली तारीख. कपटा माझ्या हातात दिल्यावर मग त्यांनी अभिनंदन केलं. मी तो कचेरीच्या पायरीवरच फाडून टाकला. लग्न ठरलेल्या माणसाच्या अंगात तेवढा ताव असतोच.

या माणसाच्या टेबलाला टेबल लावून मी सहा वर्षं काढली. सहा वर्षांत त्यांनी मला किती छळलं ते सांगायला बसलो तर लोक म्हणतील, मोरे, तुम्ही त्यांच्याबद्दल चांगलं लिहायला बसला होता ना? बसलो होतो. पण वाघमाऱ्यांची आठवण आली की आधी डोकं तापतं आणि बाकीचं सगळं त्याच्यामागून येतं, त्याला माझा इलाज नाही.

परभणीतली आमची कचेरी कोणती ते सांगत नाही. सरकारला लागणाऱ्या वस्तू विकत घ्यायच्या, भांडारात ठेवायच्या आणि मागणी येईल तशा पाठवायच्या, एवढंच तिचं काम. वाघमारे तिथे भांडारपाल आणि मी त्यांच्या हाताखालचा कारकून. ते चारठाण्याजवळच्या एका खेड्यातले. महायुद्धात फौजेत भरती झाले, वीसेक वर्षं वेगवेगळ्या डेपोंत सामान सांभाळलं, हवालदार होऊन घरी आले आणि माजी सैनिक म्हणून आमच्याकडे लागले. छप्पन साली त्यांच्या घरच्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली तेव्हा यांना रजा मिळाली नव्हती. वडिलांनी तसं पत्र लिहून घेऊन पाठवलं. यांनी उलट टपाली कळवलं, ‘पत्र पोचलं. माझं नाव त्यात धरावं.’ धर्मांतरसुद्धा या माणसानं पोचेवर केलं.

कचेरीत सगळे त्यांना ‘हवालदार’ म्हणत. पाठीमागे ‘पोच’ म्हणत. पेन्सिल उसनी घेतली तरी चिठ्ठी, फाइल शेजारच्या टेबलावर सरकवली तरी चिठ्ठी. आमचे शिपाई कासिमभाई चहाचा ग्लास ठेवताना अदबीनं विचारत, “हवालदारसाब, चाय पोचली. दस्तखत करताव?” यावर कचेरी हसायची. हवालदार हसत नसत. ग्लास किती भरलाय ते बघत आणि मग पीत.

तर एकाहत्तरचं युद्ध संपलं, पूर्वेला नवा देश झाला, आणि पुढच्या वर्षी आमच्याकडे एक फाइल आली. ‘मित्रराष्ट्राच्या सुरक्षा दलांस साहाय्य – गरम वस्त्रे.’ नव्या देशाची नवी फौज, नवे पोलीस, त्यांच्या अंगावर थंडीत घालायला काही नाही, तेव्हा आपल्या सरकारनं द्यायचं. गिरण्यांची कांबळी पुरेनात म्हणून कुणाच्या तरी डोक्यातून घोंगड्या निघाल्या. पैसा दिल्लीचा, हुकूम मुंबईचा आणि मेंढरं जिंतूर तालुक्यातली. तीनशे घोंगड्या आमच्या वाट्याला आल्या. ते साल दुष्काळाचं होतं. माणसं खडी फोडायला जात होती, त्यामुळे घोंगड्या विणणारांना हे काम म्हणजे आभाळातून पडल्यासारखं झालं. येलदरीकडच्या बिराजी नावाच्या म्हाताऱ्या विणकरानं आपल्या सगळ्या भावकीला मागांवर बसवलं.

भांडारात घोंगड्या यायला लागल्या तशी सगळी कचेरी मेंढरांच्या आणि चिंचोक्याच्या खळीच्या वासानं भरून गेली. आणि हवालदारांना चेव आला. घोंगडीला चार माणसांनी चार कोपरे धरायचे, मध्ये तांब्याभर पाणी ओतायचं आणि शंभर आकडे मोजायचे. तोवर खाली थेंब पडला तर घोंगडी नापास. पद्धत जुनीच आहे, पण घरात घोंगडी घेणारा माणूस एक घोंगडी तपासतो. आम्ही तीनशे तपासल्या. एक कोपरा कायम माझ्याकडे. आठ दिवस मी दुसरं काही केलं नाही, झोपेतही माझे हात वर असत असं बायको म्हणायची.

बिराजीच्या वीस घोंगड्या नापास झाल्या तेव्हा तो चिडला. म्हणाला, “हवालदार, तिकडच्या मुलकात शिपाई घोंगडीत पानी भरून ठेवनार हायेत का?”

“तिकडं पाऊस लय आसतो,” हवालदार म्हणाले. “तुमी गेलाव न्हाई, मी गेलोय. वल्ली घोंगडी पांघरन्यापरीस उघडं बसलेलं बरं.”

बिराजीनं शिव्या घातल्या आणि वीस घोंगड्या दुसऱ्या आणून दिल्या. मोजून तीनशे भरल्या. इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण हवालदारांना फौजेतली एक सवय होती. माल रवाना करायच्या आधी त्यातला एक नग बाजूला काढायचा, गोणपाटात शिवायचा, गाठीवर लाख लावून मोहर उठवायची आणि नमुना म्हणून ठेवून द्यायचा. पुढे कुणी म्हणालं की माल हलका होता, तर हा नमुना फोडून दाखवायचा. आमच्या मुलकी कचेरीत असलं काही नव्हतं. कुणी सांगितलंही नव्हतं. तरी त्यांनी एक घोंगडी काढली, शिवली, लाख लावली आणि कपाटावर ठेवली. तिच्या बदली एक जास्तीची बिराजीनं शनिवारच्या बाजाराला आणून द्यायची ठरली.

वॅगन आली गुरुवारी. साहेब धावत भांडारात आले आणि म्हणाले, आत्ताच्या आत्ता चढवा, पुन्हा वॅगन मिळायची नाही. हवालदार म्हणाले, साहेब, दोनशे नव्व्याण्णव आहेत. साहेबांनी कपाळाला हात लावला. मंजुरी तीनशेची, वॅगनचे कागद तीनशेचे. एक कमी लिहिली तर सगळे कागद मुंबईला परत जाणार आणि येईपर्यंत तिकडची थंडी संपणार. साहेब म्हणाले, तीनशे लिहा, सही करा, एक मागून पाठवू. नाहीतर कपाटावरची ती फोडा आणि घाला.

“लाख लागली साहेब,” हवालदार म्हणाले. “नमुना फोडता येत न्हाई.”

स्वतःच लावलेली लाख, तासाभरापूर्वी ओली असेल. मी म्हणालो, हवालदार, मी फोडतो, पाप मला लागू द्या. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी दोन पावलं मागे सरलो. शेवटी त्यांनी तीनशेवर सही केली. सही करण्याआधी त्यांनी तो आकडा दोनदा वाचला हे मी पाहिलं, पण तेव्हा मला त्याचा रागच आला. एका घोंगडीनं कुणाचं काय अडणार होतं?

शनिवारी बिराजी जास्तीची घोंगडी घेऊन आला. ती पाठवायला वॅगन नाही, घ्यायला मंजुरी नाही, पत्ता म्हणून जो होता तो पूर्वेकडच्या कुठल्या तरी रेल्वे डेपोचा. साहेब म्हणाले, आता तिकडून पोच येऊ द्या. एक कमी मिळाली असं ते लिहितीलच, मग त्या पोचेच्या आधारानं नमुना पाठवून टाकू आणि विषय संपवू. बिराजी आपली घोंगडी खांद्यावर टाकून परत गेला. हवालदारांनी साहेबांचं बोलणं शब्दशः मनात धरलं. दुसऱ्या दिवसापासून ते पोचेची वाट बघायला लागले.

चार वर्षं वाट बघितली. चार वर्षांत साहेब चार झाले, मला दोन मुलं झाली, दुष्काळ सरला, रेल्वेचा संप होऊन मोडला, आणि हवालदार दर महिन्याच्या एक तारखेला स्मरणपत्र पाठवत राहिले. मजकूर तोच. ‘अमुक वॅगनने पाठवलेल्या घोंगड्या पोचल्या काय, किती पोचल्या, कोणत्या स्थितीत पोचल्या, कळवावे.’ मसुदा त्यांचा, टंकलेखन माझं. पन्नासेक वेळा मी ते पत्र टाइप केलं असेल. दिल्लीहून कधीमधी उत्तर यायचं की आपलं पत्र मिळालं, योग्य त्या ठिकाणी पाठवलं आहे. त्यावर ते खूश होत. म्हणत, “चला, हे तरी पोचलं.”

नवा साहेब आला की हवालदार त्याला कपाटासमोर नेत आणि वरचं गोणपाटाचं बोचकं दाखवून सगळी कथा सांगत. एका साहेबानं मला खोलीत बोलावून विचारलं होतं की यांच्या घरी सगळं ठीक आहे ना. दुसऱ्यानं सुचवलं, ती घोंगडी कासिमभाईला द्या, थंडीचा म्हातारा कुडकुडतोय. खरंच कुडकुडत होते. त्या हिवाळ्यात कासिमभाईंना खोकला लागला होता आणि डोक्यावर सरकारी घोंगडी नुसती पडून होती. हवालदारांनी दुसऱ्या दिवशी घरून स्वतःची रजई आणून त्यांना दिली. नमुना हलला नाही. रजईची पोच मात्र घेतली.

मग आणीबाणीचं दुसरं वर्ष लागलं. तुंबलेल्या फायली निकाली काढा असा वरून धडाका सुरू झाला, आणि दिल्लीत कुणाच्या तरी टेबलावर आमची पन्नास स्मरणपत्रं पडली असणार. महिन्याभरात पोच आली.

छापील फॉर्म, गोल शिक्का, वाचता न येणारी सही. मी इंग्रजी वाचून मराठीत सांगितलं : घोंगड्या, नग तीनशे, पूर्ण संख्येने व सुस्थितीत मिळाल्या, सुरक्षा दलांना वाटप झाले. सगळी कचेरी आनंदली. मी स्वतः जाऊन पेढे आणले. कासिमभाईंनी फाइलला बांधायला लाल फीत काढून ठेवली. हवालदारांनी पेढा हातात घेतला आणि तसाच धरून बसले.

“किती म्हनलाव?”

“तीनशे.”

“परत वाचा.”

मी परत वाचलं. मग माझ्याही डोक्यात प्रकाश पडला, आणि पहिल्यांदा जे मनात आलं ते असं की बरं झालं, सुटलो. एक कमी पडली हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. आता कुणी विचारणार नाही, नमुना मोडीत काढा, फाइल बांधा. मी हे सगळं त्यांना समजावून सांगितलं. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. पोरगा औरंगाबादला कॉलेजात. गावाकडे जमीन दीड एकर, तीही माळाची. फौजेची पेन्शन नावापुरती. यात आता बोलून स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायचं काहीच कारण नव्हतं.

त्यांनी पेढा कागदावर ठेवला.

“मोरे, मी दोनशे नव्व्यान्नव घातल्या. मग तीनशे मोजल्या कुनी?”

“कुणीही मोजल्या नसतील. फॉर्म भरला असेल. तुम्हाला काय त्याचं?”

“मोजल्या न्हाईत म्हंजे उघडल्या न्हाईत. उघडल्या न्हाईत म्हंजे वाटल्या न्हाईत. आन् कागूद म्हनतो वाटल्या.”

मग त्यांनी मला फौजेतली ती गोष्ट सांगितली. चार वर्षांत कधी सांगितली नव्हती. ते एका डोंगरी डेपोत होते. वरच्या चौकीसाठी चाळीस कांबळी त्यांनी काढून दिली, दुसऱ्या कुणीतरी पुढे नेली, आणि पोच आली की चाळीस मिळाली. सही बरोबर होती, शिक्काही बरोबर होता. यांनी ती वहीत लावली आणि पोचली असं लिहून खाली सही केली. थंडी सरता सरता वरून दोन शिपाई झोळीत घालून खाली आणले. त्यांच्या पायाची बोटं गेली होती.

“मी इचारलं, आरे कांबळी काय केलीत? तर ते म्हनले, कोनती कांबळी?” हवालदारांनी टेबलावरची पोच पालथी केली. “त्या वहीत खाली सही माझीच हाय. आजबी आसंल.”

वाईट वाटलं. पण वाईट वाटलं तरी मी माझा हट्ट सोडला नाही. म्हणालो, ते तेव्हाचं झालं, आता त्या घोंगड्या दुसऱ्या देशात गेल्या, तिथलं सरकार, तिथले शिपाई, तुमचं-माझं त्यात काय आहे? ते म्हणाले, देश दुसरा असला तरी थंडी तीच असते. आणि घोंगडी आपण दिली आहे, तर ती अंगावर गेली का हे विचारायचं काम आपलंच आहे. द्यायला पैसा आहे आणि विचारायला तोंड नाही, हे कसलं देणं? मी म्हणालो, हवालदार, विचारायचं तर नुसतं विचारा, स्वतःची एक कमी कशाला सांगता. ते म्हणाले, ती सांगितल्याशिवाय ही पोच खोटी आहे हे मला कसं कळलं, ते कसं सांगू?

याला तोड नव्हती. म्हणूनच मला जास्त राग आला. त्यांनी मसुदा लिहिला : ‘मी तीनशेवर सही केली, परंतु दोनशे नव्व्याण्णव पाठवल्या. एक नमुना म्हणून माझ्या ताब्यात आहे. तरी तीनशेची पोच खरी असू शकत नाही. घोंगड्या प्रत्यक्ष कुठे आहेत याची चौकशी व्हावी.’ मी टाइप करायला नकार दिला. आयुष्यात एकदाच त्यांचं काम नाकारलं. त्यांनी हातानं लिहून पाठवलं, आणि माझ्याकडून नकाराची चिठ्ठी मात्र मागितली नाही.

चौकशी झाली. घोंगड्यांची नाही, हवालदारांची. मुंबईहून एक अधिकारी आले, पंखा लावून बसले आणि शासनाची दिशाभूल का केली असं विचारू लागले. मी शेजारी बसून जबाब लिहून घेत होतो. अधिकारी म्हणाले, एक नग कमी पाठवल्याचं तुम्ही कबूल करता, तेव्हा तो दोष सिद्ध झाला. हवालदार म्हणाले, हो. मग अधिकारी म्हणाले, राहिली पोच. मित्रराष्ट्राच्या अधिकाऱ्यानं सहीशिक्क्यानिशी तीनशे मिळाल्याचं लिहून दिलं आहे, त्यावर आपल्याला शंका घेता येणार नाही. संबंध बिघडतात.

हवालदार खुर्चीवरून उठून उभे राहिले. फौजेतल्यासारखे, हात बाजूला.

“साहेब, मी एक कमी घातली हे खरं, तर तीनशेची पोच खोटी. पोच खरी, तर मी निर्दोष. दोनी खरं कसं धरायलाव?”

अधिकारी चांगला माणूस होता. त्यानं खरोखर विचार केला. मग मला म्हणाला, लिहा. एक नग कमी पाठवल्याचा दोष सिद्ध. तीनशे नग पोचल्याचं मान्य. दोन्ही बाबी निकाली.

मी लिहिलं. माझ्याच अक्षरात ते लिहिलं गेलं याचा मला आजही संताप येतो. पोचलेल्या तीनशे घोंगड्यांतली एक न पाठवल्याबद्दल हवालदारांची वेतनवाढ थांबली, आणि निवृत्तीच्या वेळी ‘प्रकरण प्रलंबित’ असा शेरा मारून पेन्शन अडकली. निकाली काढलेलं प्रकरण प्रलंबित कसं, हे विचारायला मी दोनदा मुंबईला गेलो. तिथल्या माणसानं मला फाइल दाखवली आणि म्हणाला, तुम्हीच बघा, दोन्ही शेरे आहेत.

निवृत्त होताना त्यांनी भांडाराचा ताबा मला दिला. यादी चौदा पानांची होती. शेवटची ओळ : ‘नमुना घोंगडी, एक, सीलबंद.’ मी न बघता सही करायला लागलो तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं, स्टूल आणायला लावलं आणि बोचकं खाली काढून लाखेवरची मोहर मला बोटानं चाचपायला लावली. मग सही घेतली. कासिमभाईंनी आणलेला हार गळ्यात घालून ते जिंतूरच्या बसकडे गेले. पाठीमागून त्यांना पोच म्हणून हाक मारायचं त्या दिवशी कुणाला सुचलं नाही.

पुढच्या वर्षी त्यांची बायको कलाबाई मला परभणीच्या बाजारात भेटली. तुरीच्या शेंगा विकायला बसली होती. मी विचारपूस केली, तर म्हणाली, “तुमच्या हवालदाराला एकदा येऊन सांगा भाऊ. एका घोंगडीपायी म्या या वयात दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायलेय. ह्यांचं खरं हाय म्हनतेत. आसंल. पर खरं ह्यांचं आन् खुरपं माझ्या हातात.”

तिचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं होतं आणि अजूनही पटतं. त्या दिवसापासून मी त्या पेन्शनच्या मागे लागलो. दर महिन्याच्या एक तारखेला पत्र. कुणाची सवय लागली होती ते सांगायला नको.

सुमारे वर्षभरानं मंजुरीचा कागद आला. त्याच महिन्यात भांडारातल्या जुन्या नमुन्यांची विल्हेवाट लावा असा हुकूमही आला. मोडीच्या लिलावात गोणपाटाचं ते बोचकं कुणी घेईना, मी घेतलं. कागद खिशात आणि बोचकं काखेत घेऊन एका रविवारी चारठाण्याला उतरलो, आणि पुढे त्यांच्या खेड्यापर्यंत चालत गेलो. पौषातली थंडी होती. ऊन वर आलं होतं तरी वाऱ्यानं कान दुखत होते.

हवालदार अंगणात बाजेवर बसले होते. अंगात जुना फौजी स्वेटर, कोपरांना ठिगळं. बरेच वाळले होते आणि बोलताना खोकत होते. मी जयभीम घातला. पेन्शनचा कागद दिला. त्यांनी तो सावकाश वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि पहिला प्रश्न विचारला, घोंगड्यांचं काही कळलं का? मी म्हणालो, नाही. कळणार नाही आता, हवालदार.

मी बोचकं पुढे केलं आणि लिलावाचं सगळं सांगितलं, नाहीतर त्यांनी हातच लावला नसता. त्यांनी आधी मोहर बघितली, शाबूत होती. मग अडकित्ता मागवून गाठ कापली. गोणपाट उसवलं तसा आतून सात-आठ वर्षांपूर्वीचा तो वास आला, मेंढरांचा आणि खळीचा. माझे हात आपोआप वर गेले, कोपरा धरायला.

घोंगडीला कसर लागली होती. हवालदारांनी ती उन्हाकडे धरली, आणि एकेका भोकात बोट घालून मोजायला लागले. कलाबाई नुकतीच रानातून आली होती, पदर गच्च आवळून दारात उभी होती. मी म्हणालो, हवालदार, पांघरा की आता. ऐकतील तर ते हवालदार कसले. मोजून झाल्यावर त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, मांडीवर कपटा ठेवून लिहिलं, सही केली, तारीख घातली आणि मला दिला. मग उठले आणि घोंगडी कलाबाईच्या खांद्यावर टाकली. ती म्हणाली, “आता मला कामून? तुमी घ्या की, खोकायलाव.” त्यांनी ऐकलं नाही. तिच्या गळ्याशी घोंगडीची गाठ मारताना त्यांना पुन्हा खोकल्याची उबळ आली. तशीच त्यांनी गाठ पुरी केली. मी निघालो तेव्हा ती तशीच, घोंगडी पांघरून, चुलीपुढे बसली होती आणि ते शेजारी काटक्या मोडून देत होते. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही.

गावाबाहेरच्या पायवाटेवर आल्यावर मी तो कपटा काढून वाचला. ‘एक घोंगडी, खळ उडालेली, भोकं सात, पोचली.’ मी भोकं मोजली नव्हती. पण सातच असणार.